1.020 वर अडकलेली बीअर बहुतेक अडकलेली नाहीच

प्रश्न असा आहे: "न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये राहतो. तयार एक्स्ट्रॅक्ट सोडून पहिल्यांदाच दाण्यापासून पेल एल बीअर केली, पिशवीत मॅश करून (म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून). साडेचार किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), 19 लिटरची रेसिपी. सुरुवातीची घनता (साध्या पाण्याची 1.000, साखर असेल तितकी वर) 1.052 यायला हवी होती, रिफ्रॅक्टोमीटरवर 1.041 आली. उकळायला स्वयंपाकघरातलीच इलेक्ट्रिक शेगडी. शेवटी फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, 22 लिटर भरलं. यीस्ट यूएस-05. दहा दिवस झाले, तोच रिफ्रॅक्टोमीटर गेले तीन दिवस 1.020 वर अडकलाय. चव पातळ आणि थोडी हिरव्या सफरचंदासारखी. मित्र म्हणतो, अजून एक पुडी यीस्ट टाक. या शनिवारी बाटल्या भरून रविवारी हेफेवायझन (गव्हाची जर्मन बीअर) लावायचा बेत आहे. करू का? आणि दिवाळीत पुण्याला भावाकडे हेच करून दाखवायचंय, काय सामान नेऊ?"

यीस्टची दुसरी पुडी फोडू नका. तुमची बीअर बहुतेक केव्हाच थांबली आहे, आणि जिथे थांबायला हवी तिथेच थांबली आहे. घोळ उपकरणाचा आहे.

रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही. द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो ते तो मोजतो आणि त्यावरून साखरेचा अंदाज सांगतो. आंबवण्याआधीच्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टमधून निघालेल्या गोड पाण्यात, हा अंदाज चांगला जुळतो, कारण तिथे पाणी आणि साखर एवढंच महत्त्वाचं असतं. एकदा यीस्टने काम केलं की त्यात अल्कोहोल येतं, आणि अल्कोहोलसुद्धा प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. बिचाऱ्या उपकरणाला हे कळत नाही, ते त्यालाही साखरच समजतं. म्हणून आंबलेल्या बीअरमध्ये त्याचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा वर असतो, आणि थोडाथोडका नाही.

तुमचेच आकडे घेऊ. 1.041 म्हणजे साधारण 10.2 ब्रिक्स (साखरेची टक्केवारी). 1.020 म्हणजे साधारण 5.1 ब्रिक्स. हे दोन्ही ब्रिक्स अल्कोहोलच्या दुरुस्तीच्या सूत्रात घातले की शेवटची खरी घनता 1.009 च्या आसपास येते. हे सूत्र ब्रूइंगच्या कुठल्याही चांगल्या कॅल्क्युलेटरमध्ये असतं; फक्त सुरुवातीचा आणि आत्ताचा असे दोन्ही ब्रिक्स द्यावे लागतात. 1.041 वरून 1.009 म्हणजे यीस्टने जवळजवळ 78 टक्के मजल मारली, जी यूएस-05 साठी अगदी नेहमीची आहे. अल्कोहोल 4.2 टक्क्यांच्या घरात. ही अडकलेल्या बीअरची लक्षणं नाहीत.

तरी सूत्रावर विसंबून बाटल्या भरू नका, ते अंदाजच आहे. आज हायड्रोमीटर आणा, दहा-बारा डॉलरला मिळतो. आधी तो 20 अंश सेल्सियसच्या साध्या पाण्यात तरंगवून 1.000 दाखवतो का बघा. काही हायड्रोमीटर 15.6 अंशांवर बेतलेले असतात, ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. मग बीअरचा नमुना दोन भांड्यांत वर-खाली ओतून त्यातला वायू घालवा, नाहीतर बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा पुन्हा फुगतो. नमुना गार होऊ द्या. गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर उलट्या दिशेने फसवतो: 60 अंशांना तो खऱ्यापेक्षा सुमारे 15 पॉइंट कमी दाखवतो (1.041 म्हणजे 41 पॉइंट). ज्यांची "ओजी (सुरुवातीची घनता) पडली" अशी तक्रार असते त्यांतल्या बऱ्याच जणांनी वाफाळतं वर्टच मोजलेलं असतं. नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतायचा नाही. प्यायचा.

समजा हायड्रोमीटरनेही खरोखरच 1.018-1.020 सांगितलं, तर काय? तेव्हाही नवी पुडी हा पहिला उपाय नाही. आधी थर्मामीटर तपासा, बर्फ-पाण्यात शून्य दाखवतो का ते. मॅश तुम्ही 67 अंशांना केला असं समजत असाल आणि तो प्रत्यक्षात 72 ला झाला असेल, तर वर्टमध्ये यीस्टला न खाता येणाऱ्या साखरांचं प्रमाण वाढतं. मग वरून कितीही यीस्ट घाला, घनता फारशी उतरणार नाही. याची खात्री करायची युक्ती सोपी आहे: अर्धा कप बीअर स्वच्छ बरणीत घ्या, त्यात चिमूट-दोन चिमूट कोरडं यीस्ट टाका, घरातल्या उबदार जागी दोन-तीन दिवस ठेवा, अधूनमधून हलवा. तिथेही घनता उतरली नाही तर त्या बीअरचं आंबणं संपलं आहे, थोडी गोड लागेल इतकंच. उतरली तर मोठा फर्मेंटर 21-22 अंशांपर्यंत ऊबदार करा, अलगद डोलवून तळाचं यीस्ट वर आणा आणि आठवडाभर विसरा.

आता 1.052 च्या जागी 1.041 का आली? तुम्ही ओघात "22 लिटर भरलं" लिहून गेलात, उत्तर तिथेच आहे. आठवड्याच्या शेवटी ब्रू करणारे सगळे आपला बेत ऐटीत सांगतात, आणि निकाल सांगताना एकच आकडा टाकतात. घनता किती हे लिटर किती हे सांगितल्याशिवाय काहीच कळवत नाही.

हिशोब करून दाखवतो. पेल माल्टचं एक किलो, एक लिटर वर्टमागे, जास्तीत जास्त 300 ते 308 पॉइंट देऊ शकतं. थोडं कमी देणारं क्रिस्टल माल्ट त्यात असेल असं धरून 300 घेऊ. साडेचार किलोंचे झाले 1350. रेसिपीला 19 लिटरमध्ये 52 पॉइंट हवे होते, म्हणजे 988. ती 73 टक्के कार्यक्षमता गृहीत धरते, म्हणजे माल्टमधली तेवढी साखर हाती येईल असं. तुम्हाला 22 लिटरमध्ये 41 मिळाले, म्हणजे 902; तुमची कार्यक्षमता 67 टक्के. पिशवीतल्या पहिल्या मॅशला 67 म्हणजे वाईट मुळीच नाही. तीच साखर तुम्ही 19 लिटरपर्यंत आटवली असती तर घनता साडेसत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे 1.047 आली असती. थोडक्यात, कमी पडलेल्या अकरा पॉइंटपैकी सहा-साडेसहा पाण्याने खाल्ले. बाकीच्यांचा दोष मॅशकडे जातो. पातळ चवीचं कारणही हेच. हॉप्सचा (कडूपणासाठी घालतात त्या फुलांचा) कडूपणासुद्धा त्याच जादा तीन लिटरमध्ये पसरला.

पाणी का उरलं? कारण घरगुती इलेक्ट्रिक शेगडीला 25 लिटर धड उकळवत नाही. बाहेर अंगणात गॅसच्या बर्नरवर तासाला तीन-चार लिटर वाफ होते, त्यावर बेतलेली रेसिपी तुम्ही अशा शेगडीवर केलीत जिथे कदाचित एक-दीड लिटरच गेलं. इथे माझं मत स्पष्ट आहे: अपार्टमेंटमध्ये 19 लिटरचा हट्ट सोडा. तो आकडा 5 अमेरिकन गॅलनचा. बाजारातले किट तेवढ्याचे असतात आणि सोड्याच्या जुन्या केगमध्ये (धातूच्या पिंपात) तेवढंच मावतं, म्हणून तो रूढ झाला. बीअरचं त्यात काही अडत नाही. 11 लिटर करा. शेगडी खळखळून उकळेल, भांडं एकट्याने उचलता येईल, सिंकमधल्या बर्फाच्या पाण्यात वर्ट लवकर गार होईल, आणि फसली तर पंचवीस-तीस बाटल्यांचंच दुःख. ज्यांच्याकडे दर शनिवारी नवा प्रयोग असतो त्यांच्यासाठी तर लहान भांडंच बरं. पन्नास बाटल्या संपवताना तोच तो प्रयोग महिनाभर प्यावा लागतो.

मॅशच्या बाकीच्या पॉइंटसाठी आधी दाणे बघा. दळून आणलेल्या माल्टची मूठ ताटलीत पसरा. अख्खा दाणा एकही दिसता कामा नये. दुकानातल्या चक्कीच्या रुळांतलं अंतर सहसा एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. ते अशांसाठी, ज्यांना भुशाच्या थरातूनच वर्ट गाळायचं असतं. तुम्ही पिशवी वापरता, तुमचा गाळ अडकायची भीती कमी, म्हणून सरळ सांगा: दोनदा दळून द्या. एवढ्या एका वाक्याने कार्यक्षमता बऱ्याचदा सत्तरच्या वर जाते. पाण्यात दाणे घालताना गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा, मधली पिठूळ गाठ कोरडीच राहते आणि तिच्यातली साखर तुम्हाला मिळत नाही. शेवटी पिशवी मनसोक्त पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो हा समज जुना आहे; तुरटपणा येतो तो पाणी फार गरम आणि पीएच फार वर गेल्यावर. मॅशचा पीएच 5.2 ते 5.6 मध्ये असावा हे खरं, पण क्षारांच्या पुड्या विकत घेण्याआधी दळण सुधारा. पाण्याबाबत आत्ता एकच काम: नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घालतात ते क्लोरीनचं संयुग) असेल तर ते उकळून सहज जात नाही आणि बीअरला औषधी वास आणतं. अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) चुरडून घाला, 30 लिटरपर्यंत पुरते, काही मिनिटांत काम होतं.

हिरव्या सफरचंदाची चव म्हणजे बहुधा ॲसिटाल्डिहाइड. साखरेचं अल्कोहोल होताना वाटेत तयार होणारा हा पदार्थ आहे, आणि यीस्टला वेळ दिला तर ते स्वतःच तो बराचसा पचवतं. दहाव्या दिवशी तो जाणवणं नवल नाही. म्हणून हायड्रोमीटरने आज 1.009 दाखवलं तरी मी शनिवारऐवजी पुढचा शनिवार धरला असता. नमुना घेण्यापलीकडे झाकण उघडू नका, दुसऱ्या भांड्यात हलवू नका. तळाशी बसलेलं यीस्ट तुमच्यासाठी अजून काम करतंय.

तापमान तुम्ही लिहिलेलं नाही. 72 फॅरनहाइट (22 सेल्सियस) असं लिहिलं असतंत तरी मी विचारलं असतं: खोलीचं की फर्मेंटरचं? जोमात आंबत असताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंश सेल्सियस वर जातं. खोली 22 अंशांची असेल तर तुमची बीअर पहिले तीन दिवस 26 ला होती असं धरून चाला. यूएस-05 ते निभावून नेतं, पण 18 ते 20 मध्ये ते जास्त स्वच्छ काम करतं. फ्रिज घ्यायची गरज नाही. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, त्याला जुना टी-शर्ट घाला, टी-शर्टची कड पाण्यात बुडू द्या आणि समोर पंखा लावा. माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने हाही राहतो. फार उकाडा असेल तर टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडा. हे पहिल्या तीन-चार दिवसांपुरतं सांभाळलं की पुरे; नंतर उलट थोडं ऊबदार होऊ द्यावं.

बाटल्या कधी? हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखाच आला की. इथे घाई महाग पडते. न आंबलेला प्रत्येक पॉइंट बाटलीत सुमारे अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढवतो (बीअरच्या आकारमानाइतका वायू म्हणजे एक व्हॉल्यूम). चार पॉइंट शिल्लक असताना भरलीत, वर नेहमीची साखर घातलीत, तर नेहमीच्या 2.4 व्हॉल्यूमऐवजी साडेचारच्या जवळ जाल, आणि साधी बाटली त्या दाबासाठी बनलेली नसते. कपाटात फुटलेली काच ही या छंदातली खरी धोक्याची गोष्ट आहे, बाकी सगळं फार तर चवीचं नुकसान.

तुमच्या 22 लिटरपैकी गाळ सोडून 20 लिटर हाती येतील. 20 अंशांच्या आसपास आंबलेल्या बीअरमध्ये जवळजवळ 0.86 व्हॉल्यूम वायू आधीच विरघळलेला असतो. 2.4 गाठायला वरचे दीड व्हॉल्यूम साखरेने आणायचे. घरातली साधी साखर घेतलीत तर 115 ग्रॅम, मक्याची साखर घेतलीत तर 125-130 ग्रॅम. वजनकाट्यावर तोला, कपाने मोजू नका. किटमध्ये आलेली साखरेची पुडी अख्खी ओतू नका, ती कुणाच्या तरी दुसऱ्या रेसिपीसाठी मोजलेली आहे. कपभर पाण्यात उकळून ती बादलीच्या तळाशी घाला आणि वरून बीअर नळीने, न शिंपडता, सोडा. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घेऊ नका. एक बाटली मात्र सोड्याची प्लास्टिकची भरा: ती दाबून टणक लागली की बाकीच्यांत वायू तयार झाला हे न उघडता कळतं. खोलीच्या तापमानाला दोन आठवडे, मग फ्रिज.

शनिवारी बाटल्या आणि रविवारी ब्रू हा क्रम मला पटतो, उलट क्रम पटला नसता. माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस नावाचे, आंबट करणारे जिवाणू भरपूर असतात. ज्या स्वयंपाकघरात सकाळी दाणे ओतले त्याच ओट्यावर दुपारी तयार बीअर उघडी ठेवणं म्हणजे आंबटपणाला आमंत्रण. पण या आठवड्यात बाटल्या पुढे गेल्या, तर रविवारी हेफेवायझनच तेवढं करा.

त्यासाठी 11 लिटरचं माप देतो. गव्हाचं माल्ट 1.4 किलो, पिल्सनर माल्ट 1.2 किलो. जर्मनीत वाइसबीअर (हेफेवायझन याच प्रकारातली) म्हणवून घ्यायला निम्मं तरी गव्हाचं माल्ट लागतं, त्यात हे बसतं. गव्हाच्या दाण्याला टरफल नसतं आणि तो कडक असतो, म्हणून तो वेगळा, बारीक दळून घ्या. पाणी सुरुवातीला 17 लिटर: पिळूनही दोनेक लिटर दाण्यात राहील, तीनेक वाफेत जाईल, थोडं गाळात. तुमच्या शेगडीची वाफ किती ते आधी साध्या पाण्याने अर्धा तास उकळून मोजून ठेवा, आणि त्याप्रमाणे 17 चं 16 करा. पंधरा मिनिटं 45 अंशांना ठेवलंत तर फेरुलिक आम्ल सुटतं, ज्यातून या यीस्टचा लवंगेसारखा वास येतो. मग 66-67 अंशांना एक तास. भांडं तापवताना पिशवी तळापासून उचलून धरा, नाहीतर जळते. हॅलरटाऊ हॉप्स 14 ग्रॅम, साठ मिनिटं. कार्यक्षमता तुमची आत्ताचीच धरली तरी 1.048 च्या आसपास यावं.

यीस्ट कुठलं घेता याकडे लक्ष द्या. वायहेनस्टेफानचं म्हणून ओळखलं जाणारं द्रव यीस्ट केळं आणि लवंग दोन्ही देतं. 18 च्या आसपास लवंग पुढे येते, 22 च्या पुढे केळं. कोरडं डब्ल्यूबी-06 स्वस्त आणि सोयीचं, पण ते डायास्टॅटिकस जातीचं आहे: इतर यीस्ट ज्या साखरा सोडून देतात त्याही ते सावकाश खात राहतं. ते वापरलंत तर बाटल्या भरायला तीन आठवडे थांबा, आणि नंतर त्या फर्मेंटरची रबरी नळी, तोटी नीट उकळा किंवा बदला. हे यीस्ट फेसही प्रचंड काढतं. 25 लिटरच्या बादलीत 11 लिटर म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात. 22 भरलं असतंत तर एअरलॉक (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी नळी) छताला लागला असता.

निकाल लिहाल तेव्हा प्रत्येक घनतेसोबत तीन गोष्टी लिहा: किती लिटर, नमुना किती अंशांना, कशाने मोजलं. उकळण्याआधीचीही एक नोंद घ्या. मग मला किंवा कुणालाही दोन मिनिटांत सांगता येईल की पॉइंट मॅशमध्ये हरवले, शेगडीवर की उपकरणात.

पुण्याचं. सामान काहीच नेऊ नका. अमेरिकेत घरी बीअर करणं केंद्रीय कायद्याने मोकळं झालं ते 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलन, एकच असेल तर 100, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे, त्यात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. भावाला अडचणीत आणू नका. त्याला घेऊन एखाद्या मायक्रोब्रुअरीत जा. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, आणि आता शहरात निवडायला बऱ्याच आहेत. तिथल्या ब्रूअरला मॅश किती अंशांना करता हे विचारा. गर्दी नसेल तर टाक्यांपाशी उभं राहून तास-दीड तास बोलतात.